ठेवणीतली मोटरसायकल

टायरने टाकी खाल्ली होती.

सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिकच्या मोटरसायकलचा खोका उघडला तेव्हा आधी काही कळलंच नाही. मग पेट्रोलच्या टाकीचा उजवा अर्धा भाग उचलला आणि बोटाला खळगा लागला. खळग्याच्या तळाशी टायरची नक्षी उमटलेली, ओल्या सिमेंटवर कुत्र्याचा पाय उमटावा तशी. टायर मात्र शहाजोगपणे शेजारी पडलेला. टायर मऊ राहावा म्हणून त्याच्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते पाझरत राहतं आणि त्याला चिकटून पडलेलं कडक प्लास्टिक हळूहळू विरघळवतं. दोघांच्या मध्ये एखादी साधी पिशवी असती तरी भागलं असतं. पण चव्वेचाळीस वर्षं त्या खोक्यात कुणी डोकावलंच नव्हतं, कारण तो खोका आमच्याकडे ठेवणीतला होता.

मामा बोटीवर होता. १९७९ साली तो जपानहून परतला तेव्हा आईला नायलॉनची साडी, बाबांना दाढीचं मशीन आणि मला हा खोका मिळाला. होंडा सीबी ७५० फोर, एकास सहा मापाची. म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाचे इथे दोन इंच. मी नऊ वर्षांचा होतो. झाकणावरचं चित्र बघून मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी आईने खोका माझ्या हातातून काढून घेतला. "आत्ता मोडून ठेवशील. मोठा झालास की कर." मग तो माळ्यावर गेला. तिथे बाराजणांचा काचेचा डिनर सेट होता, एक पितळी समई होती, आणि एक परदेशी अत्तराची बाटली होती, जी कुणीही न लावता अर्धी झाली होती. मध्यंतरी मी मोठा झालो, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी कॉलेजात गेली. 'मोठा झालास' हे नक्की कधी म्हणायचं ते आईने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली, माळे रिकामे करावे लागले, म्हणून हा खोका खाली आला.

आमच्या लहानपणी पुण्यात मोटरसायकल म्हणजे बुलेट, येझदी नाहीतर राजदूत. बाकी सगळं शहर स्कूटरवर. बाबांची स्कूटर तर किक मारण्याआधी एका बाजूला कलंडवावी लागायची, तेव्हा कुठे तिला जाग यायची. त्या काळात खोक्यावर एकाशेजारी एक चार सिलिंडर आणि मागे चार सायलेन्सर दिसले की ही गाडी खरी असेल यावर विश्वासच बसायचा नाही. ती खरी होती. १९६८ च्या टोकियो मोटर शोमध्ये होंडाने ती दाखवली आणि पुढच्या वर्षी विकायला काढली. ७३६ सीसी, ६७ अश्वशक्ती, बटणावर चालू होणारं इंजिन, आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, जो तोवर सर्रास विकायच्या मोटरसायकलला क्वचितच कुणी लावला होता. मुख्य गिऱ्हाईक अमेरिकेतलं. पण एवढी मोठी गाडी खपेल का, याची होंडालाच खात्री नव्हती. म्हणून इंजिनाच्या आवरणांसाठी महागडे साचे न करता सुरुवातीला साध्या पद्धतीने ओतकाम केलं. पहिल्या साधारण साडेसात हजार गाड्यांची आवरणं त्यामुळे जरा खडबडीत आहेत. आज संग्राहक सगळ्यात जास्त पैसे मोजतात ते या खडबडीत गाड्यांना.

हा सगळा अभ्यास मी खळगा बघून झाल्यावर केला. घरात काही बिघडलं की आधी त्याचा इतिहास वाचायचा, दुरुस्ती नंतर, हा माझा जुना रोग आहे.

खोक्यावरचा पत्ता शिझुओकाचा. टोकियोच्या नैऋत्येला असलेलं हे शहर म्हणजे मॉडेलवाल्यांची पंढरी. मे महिन्यात तिथे मोठं प्रदर्शन भरतं. मुळात हे गाव लाकूडकामाचं. आधी लाकडाच्या वस्तू, मग लाकडाची खेळण्यातली विमानं, आणि युद्धानंतर प्लास्टिक, असा त्याचा प्रवास झाला. मॉडेल बनवणारी, आज जगभर माहीत असलेली तामिया कंपनीसुद्धा १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातच होती. तिचं पहिलं प्लास्टिकचं मॉडेल, यामातो ही युद्धनौका, १९६० मध्ये आलं. सुताराच्या गावातून प्लास्टिकची मोटरसायकल निघाली हे मला आवडलं. कारण कामाला बसल्यावर कळलं की हे काम सुतारकामच आहे. चिरायचं, तासायचं, घासायचं, सांधा बसतो का ते बघायचं, नाही बसला की पुन्हा घासायचं.

सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटींत अडकवलेले येतात, प्रत्येकाला बारीक आकडा. साच्याची दोन अंगं जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर केसासारखी रेघ असते. जुन्या साच्यांत ती जरा जाडच. ब्रेकच्या दांडीपासून फूटरेस्टपर्यंत सगळीकडची ती रेघ ब्लेडने खरवडून काढायची. मला यात दोन आठवडे गेले. या दोन आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की नखात काळा-पांढरा चुरा घेऊन मी ऑफिसात जात होतो आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं की घरी टाइल्सचं काम चालू आहे.

गोंद मात्र बघण्यासारखा. याला गोंद म्हणणंही चूक आहे. पाण्यासारखा पातळ द्रव, झाकणालाच ब्रश. दोन तुकडे एकमेकांना लावून धरायचे आणि सांध्याच्या टोकाला ब्रश नुसता टेकवायचा. द्रव आपणहून फटीतून धावत जातो. तो चिकटवत नाही, दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवतो. मग हलकेच दाबलं की सांध्यातून मऊ प्लास्टिकची बारीक वरंबी वर येते, भाकरीच्या कडेला पीठ फुटतं तशी. वाळल्यावर ती घासून टाकली की सांधा नाहीसा. दोनाचं एक झालं. टायरने टाकीशी जे केलं तेच हा गोंद करतो, फक्त मला हवं तिथे.

टाकीचा खळगा घेऊन मी नाना पेठेत गेलो. गाड्यांचं पेंटिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानदाराने ती टाकी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "ॲक्सिडेंट का?" मी म्हटलं, "हो, पार्किंगमध्ये उभी होती." त्याने हसत लांबीचा, म्हणजे खळगे बुजवायच्या लगद्याचा, छोटा डबा दिला. "थोडी-थोडी भरा. एकदम भराल तर आत ओली राहील, नंतर बसेल." तसंच केलं. लांबी भरली, वाळवली, वॉटर पेपरने घासली, डोळे मिटून बोट फिरवलं. पुन्हा भरली. चौथ्यांदा बोटाला काही लागलं नाही. या कामात डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

आता रंग. सीबी ७५० चे सुरुवातीचे रंग होंडाने 'कँडी' म्हणून काढले होते. एक निळसर हिरवा, एक माणकासारखा लाल, एक सोनेरी. त्यातली गंमत अशी की हा रंग एका डब्यात मिळतच नाही. खाली चमकदार धातूच्या रंगाची बैठक आणि तिच्यावर पारदर्शक रंगाचे पातळ हात. उजेड वरच्या रंगातून आत जातो, चंदेरी तळावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणून ती टाकी रंगवलेली वाटत नाही, कोकमाचं सरबत भरून ठेवल्यासारखी वाटते. लहान मापात एक अडचण वाढते. खऱ्या गाडीच्या चंदेरी रंगातले कण इथे मारले तर ते सहापट मोठे दिसतात, टाकीवर रवा सांडल्यासारखे. त्यामुळे तळाची चांदी अगदी बारीक दळलेली लागते. आणि वरचा लाल प्रत्येक हाताला गडद होत जातो. एक हात इकडे जास्त बसला की तिथे डाग, आणि तो पुसता येत नाही. सगळं उतरवून मुळापासून सुरुवात.

माझी ती सुरुवात दोनदा झाली. पहिल्यांदा चूक माझी की आषाढाची, हे ठरवता आलेलं नाही. दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, पावसात लॅकर मारू नका." पण चव्वेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला दोन महिने जड जातात. गॅलरीत, छत्रीच्या आडोशाला, मी शेवटचा चकचकीत हात मारला आणि बघता-बघता टाकीवर दुधाची साय धरली. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं. लालावर पांढुरकी झाक. बायको म्हणाली, "मला तर असाच आवडला, मोत्यासारखा." मी टाकी डब्याखाली झाकून ठेवली आणि तिला थेट दसऱ्याला बाहेर काढलं. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात दुसरा प्रयत्न जमला. लाल असा उतरला की मी ती टाकी दोन दिवस नुसती खिशात घेऊन फिरत होतो. हे वयाला शोभणारं नाही, पण टाकी खिशात मावत होती.

क्रोमबद्दल थोडं. सायलेन्सर चकचकीत मुलामा दिलेले होते. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून हा पातळ थर बसवतात. पण प्रत्येक सायलेन्सर दोन उभ्या अर्ध्यांत, म्हणजे जोडला की मधोमध सांधा, आणि सांधा घासला की क्रोम गेलं. पट्टीचे लोक ब्लीचमध्ये बुडवून सगळा मुलामाच उतरवतात आणि नव्याने रंगवतात. मी तसं केलं नाही. सांध्यांतला दिसणारा भाग शक्य तितका बारीक ठेवला, उरलेला चंदेरी रंगाने झाकला आणि सोडून दिलं. नऊ वर्षांच्या मुलाने जे चित्र बघितलं होतं त्यातली चमक तेवढी मला हवी होती. टाकीवर लावायचे, पाण्यात भिजवून उतरवायचे ट्रान्स्फर हळदीत घातल्यासारखे पिवळे पडले होते. ते आठवडाभर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवले. उन्हाने पिवळेपणा बराच ओढून घेतला. पाण्यात मात्र एकाचे तीन तुकडे झाले. ते जुळवताना श्वास कसा घ्यायचा हे मी विसरलो होतो.

एक हिशेब मी रात्री जागून केला. माप एकास सहा, म्हणजे लांबी सहापट लहान, पण आकारमान सहा गुणिले सहा गुणिले सहा, दोनशे सोळापट लहान. ७३६ सीसीचं हे इंजिन इथे साधारण ३.४ सीसीचं होतं. चहाचा चमचाही त्यात पुरता रिकामा होणार नाही. आणि खऱ्या गाडीचं कोरडं वजन सुमारे २१८ किलो, त्यामुळे हिच्यासारखी हुबेहूब धातूची केली तर ती भरेल एक किलो. माझी त्याहून कितीतरी हलकी. आत काहीच नाही ना. पिस्टन नाही, झडपा नाहीत, नुसती पोकळी. तरी मी सिलिंडरच्या पंख्यांसारख्या पापुद्र्यांमध्ये पातळ काळा रंग सोडला तेव्हा ती पोकळी भरल्यासारखी वाटली. एरवी मी अशा वाटण्यावर भरवसा ठेवत नाही.

दिवाळीत मामा आला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. गाडी मेजावर होती, छत्तीस सेंटीमीटर लांब, मधल्या स्टँडवर उभी. त्याने चष्मा बदलला, खुर्ची ओढली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग हँडलची उजवी मूठ दोन बोटांत धरून मनगट किंचित मागे वळवलं. मी पुढे झालो, कारण ती दांडी कालच चिकटवली होती.

"मामा, हळू. ओलं असेल."

"अरे, मोडत नाही मी." हात काढला मात्र नाही. "ही मी तुला आणलीच नव्हती."

"म्हणजे?"

"कोबेला घेतली, माझ्यासाठी. बोटीवर करीन म्हटलं, दुपारी पहारा संपला की. सुरुवात केली होती. बोट अशी डोलते, तू लावतोस एकीकडे आणि चिकटतं भलतीकडेच. मग बांधून ठेवली. मुंबईला उतरताना तुझं तोंड आठवलं."

मी खोका आणला. आतापर्यंत कारण कळलं नव्हतं, पण चौकटींतला एक आकडा मला कायम कमी भरत होता. साखळीच्या वरच्या झाकणाचा. तो मी शेवटी पुठ्ठ्याचा करून, रंगवून लावला होता. मामाला विचारलं.

"तो चिकटला होता," तो म्हणाला. "केबिनच्या टेबलाला. निघालाच नाही."

नवं घर मिळेपर्यंत भाड्याच्या घरात आहोत. तिथल्या शोकेसचे कप्पे तीस सेंटीमीटर रुंद, त्यामुळे गाडी आत मावत नाही. ती माझ्या लॅपटॉपच्या शेजारी उभी असते आणि रोज तिच्यावर धूळ बसते. ती मी दाढीच्या जुन्या ब्रशने झटकतो. मुलगी जाता-येता पुढचं चाक फिरवते. रिकामा खोका रद्दीत टाकायला काढला होता, तो आईने परत आत नेला. म्हणाली, "राहू दे. खोका चांगलाय."