भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा

आमचं अमळनेरचं घर दोन तुकड्यांचं. पुढचा भाग आजोबांच्या काळातला, सागाच्या कड्यांचा, धाब्याचा. मागच्या दोन खोल्या वडिलांनी नव्वदच्या दशकात विटांत बांधलेल्या, वर पत्रे. पुढचा भाग कुरकुरतो, मागचा रात्री ताडकन वाजतो. पाहुणे दचकायचे. आजी म्हणायची, "घर जुनं शे, बोलस ते." आम्हीही तेवढ्यावर सोडून दिलं असतं, पण मागच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा तिरपा वर निघाला, विटांच्या सांध्यासांध्याने पायऱ्या चढत, आणि वरच्या टोकाला रुपयाचं नाणं उभं बसेल एवढा रुंद झाला.

एका मिस्त्रीने बघताक्षणी भिंत पाडून कॉलम उभे करायला सांगितलं. दुसरा सिमेंट भरून, पुट्टी मारून मोकळा होणार होता. शेवटी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या मामांना बोलावलं. त्यांनी भिंतीपेक्षा अंगणच जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वर्षभर तड्याला हात लावायचा नाही."

तड्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या, शेजारी तारीख. तड्यावर आडवी एक काचपट्टी इपॉक्सीने चिकटवली. भिंत हलली की काच तडकते, एवढाच तिचा उपयोग. दर महिन्याला पट्टीने रेघांमधलं अंतर मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. ऐन मे महिन्यात काच तडकली. वहीत मात्र वेगळंच दिसत होतं: उन्हाळ्यात अंतर वाढलं, पोळ्याच्या सुमारास पुन्हा कमी झालं. पाया खचतच चालला असता तर अंतर कमी कशाला झालं असतं?

कारण आमच्या पायाखालीच होतं. तापीखोऱ्यातली काळी माती. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी धरून फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात कापसाच्या वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या याच मातीच्या. घराखाली मधली माती सावलीत ओलसर राहते, कडेची वाळून खाली बसते. मग कोपरा खाली ओढला जातो आणि तडा वरच्या बाजूला जास्त फाकतो. वडिलांच्या खोल्यांचा पाया जेमतेम कमरेएवढा, सगळा याच मातीत. त्यात न्हाणीघराचं पाणी एकाच कोपऱ्यात मुरायचं. म्हणजे एक कोपरा बारमाही ओला, बाकीचे कोरडे.

आवाजांचा या तड्याशी काही संबंध नव्हता, हे त्याच वर्षात उलगडलं. लोखंड दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत 12 भाग वाढतं. पत्र्यांखालची 6 मीटरची लोखंडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत 30 अंशांनी थंड झाली की दोन मिलिमीटर आखडते. बोल्ट तिला धरून ठेवतात आणि मग एकदम सुटतात, तोच तो ताडकन आवाज. साग ऊन-पावसाळ्यात आडवा आकसतो-फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे कड्यांचे सांधे सैल होतात आणि कुरकुरतात. दाराचंही तसंच. पावसाळ्यात दार सगळीकडून घट्ट होत असेल तर लाकूड फुगलंय. आमचं मागचं दार मात्र उन्हाळ्यात वरच्या एकाच कोपऱ्यात अडायचं, कारण चौकटच काटकोनातून गेली होती. ते सुताराकडून तासून घेण्यात काहीच अर्थ नव्हता.

गल्लीतल्या सगळ्यांचा डोळा दारच्या निंबावर होता. मुळं पाणी ओढतात हे खरंच आहे. पण झाड एकदम तोडलं तर त्याने वाळवलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि भिंत उलट्या बाजूने उचलते. मामांनी फक्त फांद्या छाटायला लावल्या. निंब वाचला, मे महिन्यात त्याची सावली काय असते ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

खरं काम तसं रटाळ. न्हाणीघराचं सांडपाणी पाइपाने थेट गटारीत नेलं. घराभोवती दीड मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा ओतला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे कडेची माती एकदम भिजणार नाही आणि एकदम वाळणारही नाही. पुढचा उन्हाळा नुसता मोजण्यात घालवला. अंतर फारसं वाढलं नाही, तेव्हा कुठे तड्यातले सैल सांधे खरवडून, आडव्या सळया बसवून तो शिवला. जुन्या-नव्या भागाच्या जोडावरची सरळ उभी भेग मात्र मामांनी सिमेंटने बुजवू दिली नाही. दोन्ही भाग आपापल्या पायावर वेगवेगळे हलतात, तिथे ताणणारं सीलंटच हवं.

नवं घर बांधणाऱ्याला एवढा खटाटोप करावा लागत नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केलेत. साधारण 3.5 मीटर खाली, जिथे ओलावा फारसा बदलत नाही, तिथे ते पकड घेतात. चुलतभावाने पारोळ्याला आता तेच घेतले. त्याचा मिस्त्री अजून कुरकुरतोय, की मातीत पैसा पुरला म्हणून.