नदीला निरोप घेऊन कोण जाणार?

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर मुक्काम जून १९३८ मध्ये. कादंबरीतलं हुआयुआनकोऊचं प्रकरण लिहायला घेतलंय. चीनमधलं, झेंगझोऊ शहराजवळचं, ह्वांग हो नदीच्या बांधालगतचं गाव. जपान्यांनी ६ जूनला काइफेंग घेतलं. पुढे झेंगझोऊ, तिथलं रेल्वेचं जंक्शन आणि मग वुहानची वाट मोकळी. ती अडवायला चीनचा तेव्हाचा सत्ताधीश चँग कै शेक याच्या सैन्याने आपल्याच नदीचा बांध फोडला. आधी दुसऱ्या जागी खणून पाहिलं, ते साधलं नाही. इथे ९ जूनला पाणी सुटलं. हेनान, आन्हुई, जिआंगसू बुडवत नदी दक्षिणेकडे गेली. मेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून नऊ लाखांपर्यंत. खालच्या गावांना धड इशाराही नव्हता. वुहान ऑक्टोबरात पडलं ते पडलंच.

आणि सरकारने जगाला काय सांगितलं? जपानी विमानांनी बाँब टाकून बांध फोडला.

फँटसीवाल्यांना हे आयतंच. नदीचा देव हे बो तिथे आहेच. तो कोपला, बांध फुटला, प्रकरण झकास रंगेल. पण मग चँग कै शेक सुटला की! त्याने विमानांवर ढकललं, मी देवावर ढकलायचं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: जादूने तारीख हलणार नाही, मेलेला परत येणार नाही, गुन्हेगार बदलणार नाही. एवढं बांधून घेतल्यावर जादूला काम काय उरतं, हाच दिवसभराचा घोळ.

(कोटणीसांना आणायचा मोह झाला होता. सोलापूरचा डॉक्टर, आपला वाचक लगेच जवळ आला असता. पण भारतीय वैद्यकीय पथक चीनला पोहोचलं सप्टेंबरात. पूर जूनचा. नियम म्हणजे नियम.)

संध्याकाळी शीमन बाओ सापडला. म्हणजे माहीत होताच, इथे उपयोगी पडेल हे सुचलं नव्हतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला वेई राज्याचा अधिकारी. त्याच्या ये गावात दरवर्षी हे बोला नवरी म्हणून एक मुलगी नदीत सोडायचे. त्या नावाखाली भगतीण आणि गावचे पुढारी लोकांकडून पैसा उकळायचे. हा सोहळ्याला गेला, मुलगी पाहिली आणि म्हणाला, ही काही देखणी नाही. बाई, तुम्हीच जाऊन देवाला सांगा, चांगली शोधून पाठवतो. दिली म्हातारीला नदीत टाकून. ती येईना, म्हणून मागोमाग तिच्या शिष्यिणी. मग एक पुढारी. उरलेले कपाळ फुटेस्तोवर लोटांगणं घालू लागले. प्रथा बंद. नंतर त्याने बारा कालवे खणले. अशी थंड डोक्याची थट्टा मला कुठल्याही ड्रॅगनपेक्षा जास्त आवडते.

तर शीमन बाओ ८ जूनच्या रात्री बांधावर येतो. फावडी चालू आहेत. तो अधिकाऱ्यांना नमस्कार करून विचारतो, नदीला कळवलंय का? निरोप घेऊन तुमच्यातलं कोण जाणार? साहेब लोक एकमेकांकडे बघतात आणि एका पोरसवद्या शिपायाला पुढे ढकलतात. शीमन बाओ त्याला गाव विचारतो. पोरगा सांगतो. गाव बांधाच्या खालच्या अंगाला.

"मग हा नको," शीमन बाओ म्हणतो. "याच्या घरचे सगळे उद्या जाताहेतच."

इथवर लिहून झालंय. बांध फुटणार, शीमन बाओला तो थांबवता येणार नाही. पण विमानांच्या बातमीचा मसुदा जिथे चाललाय त्या तंबूत त्याला बसवता येईल, आणि तिथे तो काय विचारेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. उद्या सकाळी तेच.

एक भानगड मात्र आहे. शेवट १९४२ च्या हेनानच्या दुष्काळापाशी करायचा होता. पण खिंडार बुजवून नदी जुन्या पात्रात आणली ती १९४७ मध्ये, आणि तोवर शीमन बाओ काही बांधावरून उठायचा नाही. म्हणजे आणखी पाच वर्षं, आणखी शंभरेक पानं. संपादकबाईंना फोन करायला हवा.