ओसरी गुलाबी झाली

घरच्यांच्या जुन्या कपड्यांची एक गोधडी शिवतेय, तिच्यावर घराचाच आराखडा. त्यातली ओसरी भरून झाली म्हणून मागच्या वेळी मी केवढं मिरवलं होतं! ती परवा गुलाबी झाली.

गोधडीतल्या घराचा पुढचा पट्टा, म्हणजे ओसरी आणि कोठा, शिवून तयार होता. एकदा पाण्यातून काढला की धावदोरा आवळतो आणि गोधडीला ती हवीहवीशी सुरकुती येते, म्हणून टबात बुडवला. तेवढ्यात शेतातून फोन आला, मोटर बंद पडली. परत येईस्तोवर दोन तास गेले. टबातलं पाणी अंबाडीच्या सरबतासारखं लाल आणि ओसरीला लावलेलं आबाजींचं पांढरं धोतर एका कडेनं गुलाबी.

पहिला संशय आजीच्या करवती काठावर. घडीवर विरलेल्या त्या टसर लुगड्याचा फक्त सुती काठ मी कवेलूच्या (कौलांच्या) वळचणीला लावलाय. करवतीचे दाते आणि कवेलूची कड इतकी जुळते की तो तुकडा बसला तेव्हा मी एकटीच हसले होते. ओल्या पांढऱ्या चिंधीनं काठ घासून पाहिला. चिंधी कोरीच राहिली. चोर निघाली नवी लाल मगजी, म्हणजे कडेनं लावलेली पट्टी. यवतमाळच्या दुकानदारानं छातीवर हात ठेवून ‘रंग पक्का’ सांगितलं होतं, आणि मी धुऊन न बघता लावली. दोर्‍यावरून तुम्हाला एवढं ऐकवते (पॉलिस्टरचा दोरा जुनं सुती कापड कापू शकतो, परत सांगते), आणि स्वतः असा गाढवपणा!

सोपा उपाय म्हणजे ओसरी उसवून दुसरं धोतर लावणं. धोतर आहे. पण ओसरीवरचे टाके मोठ्या आईचे आहेत. ती डावखुरी, तिचा टाका किंचित तिरपा पडतो आणि दर सात-आठ टाक्यांनी एक लांब येतो, कारण ती बोलता बोलता हात थांबवत नाही. मोतीबिंदूनंतर तिनं सुई धरली नाही. उसवलं तर ते टाके परत येणार नाहीत. म्हणजे डाग काढायचा, टाके न काढता.

जो तो म्हणाला मीठ टाक. मीठ रंगवताना रंग सुतात ढकलायला असतं; सुटलेला रंग ते बांधत नाही. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगांना चालतं, सुताला नाही. तुरटी झाडापानांच्या रंगांची सोबतीण. रंगकाट पावडर हातात घेऊन ठेवून दिली, करवतीचा लालही गेला असता.

शेवटी मगजी उसवली. पट्टा वाळू द्यायचा नव्हता आणि बाहेर मे महिन्याचं ऊन, म्हणून ओल्या चादरीत गुंडाळून ठेवला. चुलीवर पाणी तापवलं, साबणाची पावडर टाकली, आणि सोबत तीन जुने पांढरे बनियन टाकले, सुटा रंग पिऊन घ्यायला. पहिल्या पाण्यात बनियन गुलाबी, दुसऱ्यात कमी, चौथ्यात जवळजवळ कोरे. आमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो, तेव्हा चार पाण्यांवर घरात काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. धोतर नव्वद टक्के निवळलं. खांबाजवळ तळहाताएवढी फिकट सावली उरलीय. पाचव्या पाण्याचा विचार आहे, पण कापडाचं वय बघता भीती वाटते.

मोठ्या आईला फोन केला. ती म्हणाली, “काहून वं पोरी, कोरं लाल तसंच लावलं? कोऱ्या लालाले आधी तीनदा पाण्यातून काढा लागते.” पुढे अर्धा तास मोटरीचं बोलली.

आता मगजी नवी नाहीच लावायची. आजीच्या लुगड्यांचे उरलेले पट्टे जोडून करेन. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, तुकडे निघतातच. सांदवाडीला (परसाला) हिरवा हवा होता, तो आईच्या साडीवर ठरला होता, पण आई साडी द्यायला तयार नाही, अजून नेसते म्हणते. आणि लिहिता लिहिता सुचलं: माजघर मी एकटी शिवणार होते, त्याऐवजी शेजारच्या दोघींना एकेक ओळ घालायला लावते. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा जवारीच्या दाण्याएवढा. त्याआधी त्यांची कापडं बनियनसोबत भिजवून बघते. बनियन संपलेत, नवऱ्याच्या कपाटात आहेत दोन.