पोर्वो उर्फ बोर्गो

हेलसिंकीच्या कांपी बस स्थानकावरून पूर्वेला पन्नास किलोमीटर गेलं की पोर्वो येतं. स्वीडिश लोक त्याला बोर्गो म्हणतात. गावात शिरल्यावर रस्त्यांच्या पाट्या बघाव्यात: वर फिनिश ‘जोकिकातू’, खाली स्वीडिश ‘ओगातान’. वर-खाली हा क्रम संख्येवर ठरतो. इथे फिनिश बोलणारे जास्त, म्हणून फिनिश वर. पश्चिम किनाऱ्यावरच्या याकोबस्टाडमध्ये स्वीडिश भाषक जास्त, तिथे स्वीडिश वर.

पोर्वोची वस्ती पन्नास हजारांवर आणि त्यात स्वीडिश मातृभाषा असलेले चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. फिनलंडच्या कायद्यात हिशोब सरळ आहे: अल्पसंख्य भाषेचे लोक किमान ८ टक्के किंवा ३,००० असले की नगरपालिका द्विभाषिक. दर दहा वर्षांनी आकडे पुन्हा तपासतात. हेलसिंकीत स्वीडिश टक्का सहाच्याही खाली आहे, पण माणसं तीन हजारांहून कितीतरी जास्त, त्यामुळे तिथेही दोन्ही भाषा. बेळगावचा वाद ऐकत वाढलेल्या माणसाला हे सगळं इतकं थंडपणे आकड्यांवर सुटतं याचा जरा हेवाच वाटतो.

मात्र ‘द्विभाषिक’ म्हटल्यावर सगळे सगळं मिळून करतात असं डोळ्यापुढे येतं, तसं नाही. शाळा वेगळ्या, शाळांचा कारभार पाहणाऱ्या समित्याही भाषेगणिक वेगळ्या. चर्चच्या मंडळ्या दोन. टेकडीवरचं जुनं दगडी कॅथेड्रल मात्र दोघींचं एकच, आणि १९२३ पासून देशभरातल्या स्वीडिश भाषक मंडळ्यांच्या बिशपचं पीठही इथेच. २००६ मध्ये कुणीतरी आग लावली आणि छत जळालं. दुरुस्ती होऊन २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. आत उभं राहिल्यावर मला १८०९ आठवत होतं. सहाशे वर्षांच्या आसपास स्वीडनच्या ताब्यात असलेला हा प्रदेश रशियाकडे गेला, तेव्हा झार पहिल्या अलेक्झांडरने इथल्याच सभेत जुने कायदे आणि धर्म राखण्याचं वचन दिलं. सत्ता बदलली तरी सरकारी कागद पुढे कित्येक वर्षं स्वीडिशमध्येच निघत राहिले.

त्या काळातला योहान लुडविग रुनेबेर्ग १८३७ मध्ये इथे शिक्षक म्हणून आला आणि इथेच राहिला. फिनलंडच्या राष्ट्रगीताचे मूळ शब्द त्याचे, आणि ते स्वीडिशमध्ये आहेत! त्याचं घर आता संग्रहालय आहे. त्याच्या नावाचा बदाम घातलेला, वर रास्पबेरी जॅमचा ठिपका असलेला छोटा केक बाकी देशात मुख्यतः ५ फेब्रुवारीच्या, म्हणजे त्याच्या जयंतीच्या सुमारास मिळतो, पोर्वोत वर्षभर. मला रमचा वास जरा जास्त वाटला, पण कॉफीबरोबर दुसराही घेतला.

नदीकाठची तांबडी लाकडी गोदामं फोटोत असतात तशीच देखणी आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्यासमोर तितकीच गर्दी. मला जास्त मजा आली ती गावातल्या साध्या दुकानात. गल्ल्यावरची मुलगी पुढच्या आजोबांशी स्वीडिश, मागच्या बाईशी फिनिश बोलत होती, मध्ये श्वासही न घेता. माझी पाळी आल्यावर तिने इंग्रजी काढली.

उन्हाळ्यात जाणार असाल तर एका बाजूचा प्रवास हेलसिंकीहून येणाऱ्या जुन्या बोटीने करा. तिचंही नाव रुनेबेर्गच. बसपेक्षा बराच वेळ लागतो, पण वाटेत बेटं दिसतात.