तिथी बघून वल्हं मारायचं

लातूर, माघ शुद्ध पंचमी

मालवण ते वेंगुर्ला, कयाकने म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, किनारा धरून. निघण्याचा दिवस सुट्टी बघून नाही, कालनिर्णय बघून ठरवलेला बरा. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे पहाटे सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. पौर्णिमेनंतर मोजणी परत एकपासून. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचा तक्ता सोबत हवाच. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी कमी चढतं-उतरतं. नवख्यांनी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळावं.

सराव पोहण्याच्या तलावात करावा, शेततळ्यात नको. तळाच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही. होडी उलटली की वल्हं सोडायचं नाही. सोबत्याने उलट्या होडीचं टोक आपल्या होडीवर आडवं ओढून पाणी काढायचं, मग ती सुलटी करून आपल्या होडीला समांतर घट्ट धरायची. पडलेल्याने पोटावर झोपत मागच्या बाजूने चढायचं आणि उरलेलं पाणी हातपंपाने उपसायचं. दहादा करून अंगवळणी पडलं तरच पुढे.

सप्तमी, देवबाग

पाणी माणशी रोज पाच लिटर, तीन दिवसांचं पंधरा. वीस लिटरचा जार आणायचाच नाही. तो होडीच्या झाकणातून आत जात नाही आणि अर्धा झाला की आतलं पाणी हिंदकळून होडी कलते. दोन-दोन लिटरच्या बाटल्या बैठकीच्या लगत, तळाशी, दोन्हीकडे सारख्या. तंबू आणि कपडे हलके, ते टोकांना. टोकं जड झाली की होडी लाटेवर उचलत नाही, लाटेत घुसते.

खाण्याला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ. येसराला गरम पाणी, तेल आणि मीठ एवढंच लागतं. समुद्रावर नेण्याजोगा याहून शहाणा मसाला नाही.

अष्टमी, भोगवे

आजची खरी अडचण कर्ली नदीचं मुख. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते. दोन्ही भिडले की लाट आखूड आणि उभी होते. ओहोटीच्या सहा तासांपैकी पहिल्यात बारावा हिस्साच पाणी उतरतं, तिसऱ्या-चौथ्यात मिळून निम्मं. म्हणून फटफटताच, पावणेसातला, मुख ओलांडायचं. नऊला तीच जागा वेगळी असते.

पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, तो किनाऱ्यापासून बाहेर ढकलतो. तेव्हा किनारा सोडून फार आत जायचं नाही. अकराच्या पुढे खारे वारे सुटतात. भरलेली होडी तासाला पाचेक किलोमीटर जाते, त्यामुळे रोज पंधरा-सोळाचाच हिशेब.

विहिरीत उड्या मारून शिकलेल्या आपल्याकडच्या पोहणाऱ्यांना खोल पाण्याची भीती नसते. गोत्यात आणतं ते गुडघाभर पाणी. किनाऱ्याला लागताना फुटत्या लाटांच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला थांबायचं, मोठ्या लाटांची रांग जाऊ द्यायची आणि शेवटच्या लाटेच्या पाठोपाठ जोरात वल्हवायचं. होडी आडवी झालीच तर लाटेच्या बाजूला कलायचं; किनाऱ्याकडे कललं की उलटलीच. उतरल्यावर होडी आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. पाण्याने भरलेली होडी लाटेने सरकली की मांडी मोडते.

नवमी, निवतीच्या पुढे

तंबू ओल्या वाळूच्या रेषेवर नाही, त्याच्याही वर पडलेल्या सुक्या काडीकचऱ्याच्या रेषेपलीकडे. अष्टमीनंतर भरती रोज थोडी वर चढते. कालची सुरक्षित जागा उद्या भिजू शकते. नारळाच्या बागेत शिरण्याआधी मालकाला विचारावं, गोड्या पाण्याची विहीरही तोच दाखवतो. या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा वाळूवर शेकोटी आणि पांढरा उजेड बंद. तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक लाइफ जॅकेटच्या आत लिहून ठेवलेला असावा, फोन भिजतो.

दशमी, वेंगुर्ला

सुकाणूची तार, लाइफ जॅकेटची चेन आणि पंपाचा दट्ट्या आजच गोड्या पाण्याने धुवायचा. टँकरच्या गावाकडून आलेल्यांना होडीवर दोन बादल्या ओतणं जिवावर येतं. पण घरी जाऊन धुऊ म्हटलं, की लातुरात पोचेस्तोवर मिठाने चेन धरलेली असते.