चौदा तासांतले सहा तास

अमेरिकेला जाताना इस्तंबूलच्या विमानतळावर चौदा तास काढावे लागणार, हे तिकीट काढतानाच ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर ते तिकीट त्यासाठीच काढले होते. ताईला मात्र ही गोष्ट मी निघण्याच्या आदल्या आठवड्यात सांगितली. तिचे गुडघे दुखतात, आणि बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे कोणत्याही बेताचा हिशेब आधी मांडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिने कागद घेतला आणि चौदातून वजाबाकी सुरू केली: उतरून पासपोर्टच्या रांगेतून बाहेर पडायला सव्वा तास, शहरात पोहोचायला दीड तास, परतीला पावणेदोन तास, पुढच्या विमानाआधी तीन तास, आणि चुकामूक झाली तर म्हणून हातचा थोडा वेळ. उरले सहा तास. "सहा तासांत एक चौक बघू. अख्खे शहर बघायला निघालीस तर मी विमानतळावरच बसते," असे तिने स्पष्ट केले. पुढे जे काही पदरात पडले त्याचे श्रेय या अटीलाच द्यावे लागेल.

भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानात सरळ प्रवेश मिळत नाही, परंतु अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा युरोपातल्या शेंगेन गटातील देशांचा चालू व्हिसा हाती असेल, तर ऑनलाइन ई-व्हिसा काढता येतो. आमच्याकडे अमेरिकेचा होता, त्यामुळे ते काम घरबसल्या झाले. मोठे सामान थेट पुढे जाणार होते; हातातल्या बॅगा विमानतळावर पैसे देऊन ठेवता येतात, आणि त्या ठेवाव्यातच. हा नवा विमानतळ 2018 साली सुरू झाला, तो शहराच्या जुन्या भागापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे. मेट्रोने गायरेत्तेपे, तिथे लांबलचक भुयारी वाटेने चालत जाऊन दुसरी मेट्रो, मग वेझ्नेजिलेरला उतरून ट्राम, असे करत आम्ही सव्वाबाराच्या सुमारास सुलतानअहमतच्या चौकात उभ्या होतो.

हा चौक म्हणजे एके काळचे रथांच्या शर्यतींचे मैदान, हिप्पोड्रोम. आज तिथे बाके, झाडे आणि मक्याची भाजलेली कणसे विकणाऱ्या गाड्या आहेत, आणि मधोमध एका रेषेत तीन स्तंभ उभे आहेत. पहिला इजिप्तचा. तिसऱ्या थुटमोस राजाने इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात कर्नाकच्या मंदिरासाठी घडवलेला हा लाल ग्रॅनाइटचा स्तंभ थिओडोसियस या रोमन सम्राटाने 390 साली येथे उभारला. मूळ दगडाचा खालचा भाग वाटेत कुठेतरी गेला. जो उरला तो साडेअठरा मीटरांचा आहे आणि त्याच्यावरची चित्रलिपी इतकी कोरीव व ताजी दिसते की पाथरवट नुकताच जेवायला गेला असावा असे वाटते. सगळा भार पितळी रंगाच्या चार ठोकळ्यांवर तोललेला आहे. खालच्या संगमरवरी चौथऱ्यावर सम्राट आपल्या सज्जातून शर्यत बघतो आहे, आणि एका बाजूला स्तंभ दोरांनी उभा करण्याचे दृश्यही कोरलेले आहे. चौथऱ्यावर दोन लेख आहेत, एक लॅटिन आणि एक ग्रीक, आणि स्तंभ किती दिवसांत उभा राहिला ते दोन्ही सांगतात. लॅटिन लेख म्हणतो तीस दिवस, ग्रीक लेख म्हणतो बत्तीस. ताई त्या चौथऱ्याभोवती दोनदा फिरली. एकाच कामाच्या दोन नोंदी आणि दोन आकडे, हे तिच्या शाखेत घडले असते तर ऑडिटच्या दिवशी कोणाची तरी खैर नव्हती, असे तिचे मत पडले.

दुसरा स्तंभ एका खड्ड्यात आहे, कारण आजूबाजूची जमीन सोळाशे वर्षांत वर चढत गेली आणि तो मूळच्या पातळीवरच राहिला. पीळ घातलेला, हिरवट पडलेला, सुमारे पाच मीटर उंचीचा हा कांस्यस्तंभ म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या तीन सर्पांची शरीरे आहेत. डोकी सतराव्या शतकाच्या अखेरीस तुटली आणि त्यांतल्या एकाचा तुकडा जवळच्याच पुराणवस्तू संग्रहालयात ठेवलेला आहे. इसवी सनापूर्वी 479 मध्ये प्लाटियाच्या लढाईत इराण्यांचा पराभव केल्यावर ग्रीक नगरांनी तो ग्रीसमधल्या डेल्फीच्या मंदिराला अर्पण केला होता. लढलेल्या एकतीस नगरांची नावे त्याच्या वेटोळ्यांवर कोरलेली आहेत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने तो उचलून आपल्या नव्या राजधानीत, म्हणजे याच शहरात, आणला. तिसऱ्या, दगड रचून बांधलेल्या खांबावर कधी काळी सोन्याचा मुलामा दिलेले पत्रे होते. ते 1204 साली चौथ्या धर्मयुद्धातल्या सैनिकांनी काढून नेले आणि याच मैदानातले चार ब्राँझचे घोडे व्हेनिसला गेले. म्हणजे शहराने इकडूनतिकडून आणले आणि नंतर इतरांनी येथून नेले.

चौकात पाऊण तास गेल्यावर मला जाणवले, की येथे बघण्यासारखे जे काही आहे त्यातले बरेचसे मूळचे येथले नाहीच, आणि जे येथले आहे ते ज्या कामासाठी घडवले त्या कामावर आता नाही. एकदा हे ध्यानात आल्यावर पुढे काय बघायचे, हे वेगळे ठरवावे लागले नाही. निळ्या मशिदीचे सहा मिनार बाहेरूनच बघितले. तोपकापी राजवाडा सोडला. त्याला एकट्याला अर्धा दिवस लागतो. झाकल्या बाजाराकडे तर आम्ही वळलोच नाही, आणि जाऊबाईंसाठी काही घेतले नाही याचे उत्तर अजून मला देता आलेले नाही.

दोनशे पावलांवर जमिनीखाली सहाव्या शतकातल्या जस्टिनियन सम्राटाच्या काळचे टाके आहे. आपल्या गडांवर खांबटाकी असतात. तिथे कातळ खोदताना मध्ये खांब राखून ठेवतात. येथे सगळा प्रकार उलटा: आधी पोकळी, मग बाहेरून गोळा करून आणलेले 336 खांब, अठ्ठावीसांच्या बारा ओळींत, प्रत्येक सुमारे नऊ मीटर उंच. ते एकसारखे नाहीत, कारण ते निरनिराळ्या जुन्या इमारतींचे आहेत. एकाच्या अंगावर थेंबांसारखी नक्षी आहे, तर कित्येक अगदी सपाट. तळाशी आता गुडघाभरही पाणी नाही, पण त्या वितभर पाण्यात खांब पूर्ण उलटे दिसतात आणि उंची दुप्पट होते. तुर्कांनी शहर घेतल्यानंतर हे टाके विस्मरणात गेले होते. 1545 साली पेत्रुस गिलियस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाला आढळले, की या भागातले लोक घराच्या तळमजल्यातल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात आणि कधीकधी मासेही पकडतात. त्याने विचारपूस केली आणि टाके पुन्हा जगापुढे आले.

अगदी टोकाला, वायव्य कोपऱ्यात, मेड्यूसाची दोन मस्तके आहेत. केसांऐवजी साप असलेली आणि नजरेने माणसाचा दगड करणारी ही ग्रीक पुराणातली बाई येथे दोन खांबांची बैठक म्हणून वापरली आहे. एक मस्तक आडवे, दुसरे थेट उलटे. तिची नजर निष्प्रभ व्हावी म्हणून ते उलटे ठेवले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खांबांची उंची जुळवायला जो दगड जसा बसला तसा बसवला, हे साधे उत्तर मला अधिक पटते. अंधारात, पाण्याखाली बुडणाऱ्या दगडाच्या चेहऱ्याकडे गवंड्याने कशाला बघावे? उलट्या मस्तकाचा गाल ओला होता, आणि त्यावर ओठांच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत शेवाळाची एक बारीक रेघ गेलेली होती.

वर येऊन मसुराचे सूप घेतले. त्याला तिथे मर्जिमेक चोर्बासी म्हणतात आणि त्यातला 'चोर्बा' हा आपला शोरबाच. शाकाहारी माणसाने ते मांसाच्या रश्श्यात शिजवले आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हात वर करून "हेसाप" असे म्हटले आणि वेटर बिल घेऊन आला, तेव्हा ताईने चमचा खाली ठेवला. हिशेबच तो! मग आम्हाला खेळच सापडला. दुकानाला द्युक्क्यान, शहराला शेहिर, जमिनीला झेमिन, आणि वहीला देफ्तेर. अरबी-फारसीची एकच गंगाजळी. त्यातून त्यांनीही उचलले आणि आपणही.

मूळच्या चर्चची पुढे मशीद झालेल्या आया सोफियात शुक्रवारी दुपारच्या नमाजामुळे प्रवाशांना थांबावे लागते. आमचा वार गुरुवार होता. 1934 च्या निर्णयाने संग्रहालय झालेली ही वास्तू 2020 पासून पुन्हा मशीद आहे, आणि 2024 पासून परदेशी प्रवाशांना पंचवीस युरो देऊन फक्त वरच्या सज्जात सोडतात. दोघींचे पन्नास युरो देताना ताई काही बोलली नाही, म्हणजे तिने ते मनात टिपून ठेवले. डोक्यावर ओढणी घेतली आणि वर गेलो.

532 साली रथांच्या शर्यतीतल्या निळ्या आणि हिरव्या गटांच्या दंगलीत या जागेवरचे जुने चर्च जळाले. दंगल त्याच हिप्पोड्रोममध्ये चिरडली गेली. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस मृतांचा आकडा तीस हजार देतो. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच जस्टिनियनने या इमारतीचे काम सुरू केले आणि डिसेंबर 537 मध्ये ती पुरी झाली. अँथेमियस आणि इसिडोर हे तिचे रचनाकार. घुमटाचा व्यास साधारण एकतीस मीटर, म्हणजे शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्यांनी ओरडून बघितलेल्या विजापूरच्या गोल घुमटापेक्षा लहानच. परंतु तो अकराशे वर्षे आधीचा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी ओळीने चाळीस खिडक्या असल्याने उजेडाच्या कड्यावर ठेवल्यासारखा दिसतो. पहिला घुमट वीसेक वर्षांतच, 558 मध्ये, कोसळला. नंतरचा अधिक उंच केला. विजापूरवरून आठवले: आदिलशाहीचा संस्थापक युसुफ हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादचा मुलगा होता, अशी कथा फरिश्ता या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. ती खरी असती, तर 1453 मध्ये हे शहर घेऊन या चर्चची मशीद करणारा दुसरा मेहमद त्याचा भाऊ ठरला असता. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत, पण सोलापूरकडच्या दोघी बहिणींना तिथे उभे राहून ती आठवायला काय हरकत आहे.

सज्जात सर्वांत जास्त वेळ आम्ही झोई सम्राज्ञीच्या कुट्टिमचित्रापुढे, म्हणजे रंगीत खडे जडवून केलेल्या चित्रापुढे, काढला. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा नववा कॉन्स्टंटाइन. हा तिचा तिसरा नवरा. जवळून बघितले तर त्याच्या चेहऱ्याचे खडे अंगरख्याच्या खड्यांशी जुळत नाहीत, आणि डोक्यावरच्या अक्षरांची दाटी झालेली आहे. आधीच्या माणसाचे डोके व नाव काढून तिथे याचे बसवले. पुढे संगमरवरी कठड्यावर उत्तर युरोपातून आलेल्या एका वायकिंगाने तिकडच्या जुन्या रुनिक लिपीत काही खरवडून ठेवले आहे, त्यातले 'हाल्फदान' हे नाव तेवढे लागते. बहुधा पहाऱ्याला किंवा प्रार्थनेला उभा राहून कंटाळला असावा. गडांवर बदामात नावे कोरणाऱ्यांना मी आजवर खूप शिव्या घातल्या आहेत, पण या माणसावर रागवता येईना.

चारच्या पुढे ट्रामने एमिनोन्यूला उतरलो आणि कादिकॉयची बोट धरली. वीस मिनिटांत युरोपातून आशियात. कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यातला चहा वरच्या मजल्यावर मिळतो, दुधाशिवाय. ताईने त्यात साखरेचे दोन खडे टाकले, नाइलाजाने प्यायली, आणि तीळ लावलेल्या सिमित नावाच्या कडक कड्याचे तुकडे सीगल पक्ष्यांना घालत बसली. त्याच मार्गाने परत आलो तेव्हा सूर्य मिनारांच्या मागे गेला होता. परतीच्या मेट्रोत ती माझ्या खांद्यावर झोपली.

पासपोर्टच्या खिडकीवर नऊला पोहोचलो. अधिकाऱ्याने सकाळचा शिक्का शोधला, त्याच्या शेजारी दुसरा मारला आणि मान न उचलता पासपोर्ट सरकवले. ताईने चष्मा लावून दोन्ही शिक्क्यांवरच्या तारखा वाचल्या. त्या एकच होत्या.

"चला," ती म्हणाली, "इथली ही एक नोंद तरी जुळली."