डीईएस बॅच ३: शेवटी सगळं पाण्यावर आलं

डीईएस म्हणजे डीप युटेक्टिक सॉल्व्हंट: दोन पदार्थ ठराविक प्रमाणात मिसळले की दोघांपेक्षा कितीतरी कमी तापमानाला वितळणारं द्रावक, ज्याला 'हरित' म्हणजे पर्यावरणपूरक म्हटलं जातं. कोलीन क्लोराईड (एक क्षार) आणि युरियाची दुसरी बॅच वाया गेली. गरम करताना लक्ष नव्हतं, तापमान १०० च्या वर गेलं आणि अमोनियाचा वास सुटला, म्हणजे युरिया फुटायला लागला होता. ८० च्या वर न्यायचं नाही, हे आता पक्कं.

म्हणून यावेळी ग्लिसरॉल घेतलं, मोल प्रमाण तेच १:२, १४ ग्रॅम कोलीन क्लोराईडला १८.४ ग्रॅम ग्लिसरॉल. कोलीन क्लोराईड हवेतलं पाणी इतकं ओढतं की काट्यावर ठेवल्या ठेवल्या आकडा वर सरकतो, त्यामुळे आधी ओव्हनमध्ये वाळवलं, सिलिका जेलच्या बंद डब्यात गार केलं आणि पटापट मोजलं. ७५ ला तासभर ढवळल्यावर एकदम नितळ द्रव, गार झाल्यावरही तसाच राहिला!

पाण्याचं एवढं का सांगतोय, तर २००३ साली लीस्टर विद्यापीठात अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराईड-युरियाचा गोठणबिंदू १२ अंश दिला होता, युरिया एकटा १३३ ला वितळतो हे लक्षात घेतलं तर केवढी घसरण! पण नंतर नीट वाळवून मोजल्यावर तो बराच वर आला. मुरलेलं थोडंसं पाणीसुद्धा एवढा फरक पाडतं.

मग त्यात कांद्याची सुकी सालं टाकली, त्यांतलं क्वेर्सेटिन हे पिवळं रंगद्रव्य काढायला. रंग झकास उतरला पण गाळताना सगळं अडकलं, मधासारखं घट्ट, अर्धा तास झाला तरी थेंब थेंबच. वजनाच्या २५ टक्के पाणी घातलं आणि दहा मिनिटांत गाळून झालं. पाणी निम्म्यावर गेलं तर हायड्रोजन बंधांची मूळ रचनाच मोडते आणि उरतं ते साधं पाण्यातलं द्रावण, तेव्हा जपून.

माझी खरी अडचण पुढे आहे. हे द्रव उडून जात नाहीत म्हणून हवेत वाफ जात नाही, हे चांगलंच, पण त्याच कारणाने क्वेर्सेटिन वेगळं काढणंही अवघड होतं. भरपूर पाणी ओतलं तर गढूळपणा येतो, थोडा गाळ बसतो, पण मग ते सगळं पाणी आटवायला जी ऊर्जा लागते ती धरली तर याला हरित म्हणायला मी अजून तयार नाही. घटक बिनविषारी आहेत एवढ्यावर ते ठरत नाही, तोच द्रव पुन्हा किती वेळा वापरता येतो यावर ठरतं असं माझं ठाम मत.

आटवलेला द्रव ठेवलाय. बॅच ४ त्याच्यातच करणार, नवीन सालं घालून.